त्रैराशिक, साखळी की तक्ता? मोलची गणितं सोडवायच्या तीन वाटा

अकरावीचं कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच मोलची गणितं घरात येतात. मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचा डझनच, फक्त फार मोठा. क्लासमध्ये सर एका पद्धतीनं शिकवतात, कॉलेजात मॅडम दुसऱ्या पद्धतीनं, आणि रात्री जेवणं झाल्यावर वडील वहीत डोकावून "अगं, हे तर साधं त्रैराशिक" म्हणत तिसरीच मांडणी करतात. पोरगी तिघांच्या तोंडाकडे बघत बसते. उत्तर तिन्ही पद्धतींत एकच येतं, म्हणजे बरोबर आलं तर. चुकायची जागा मात्र प्रत्येक पद्धतीची वेगळी आहे. मला विचाराल तर निवड करताना या चुकायच्या जागा बघाव्यात. बरोबर उत्तर कुणीही काढून दाखवतं.

मी पेशानं शिक्षक नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये बरेच सीझन काढलेत. रसाचा पीएच, बॉयलरच्या पाण्याची तपासणी, चुना किती गेला नि किती जायला हवा होता, हे रोजचं काम. गेली काही वर्षं संध्याकाळी गल्लीतली सात-आठ पोरं घरी येतात, आणि दोन वर्षांपासून माझी भाची शिकायला आमच्याकडेच राहते. त्यामुळे "मामा, कुठली पद्धत धरू?" हा प्रश्न मला आता घरातूनच येतो. समीकरण कसं संतुलित करायचं, अणुवस्तुमानं कुठून घ्यायची, हे तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितोय.

तिन्ही पद्धतींना एकच गणित देऊन बघू. रेल्वेचे रूळ जोडण्याचं काम चाललेलं तुम्ही कधी पाहिलं असेल. सांध्याभोवती साचा बांधतात, वर मुशीत पावडर पेटवतात, डोळे दिपवणारा उजेड होतो आणि वितळलेलं लोखंड खाली सांध्यात उतरतं. हे थर्माइट. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनतज्ज्ञानं १८९० च्या दशकात ते आणलं. कागदावर त्याचं समीकरण असं:

१ फेरिक ऑक्साइड + २ ॲल्युमिनिअम → १ ॲल्युमिनिअम ऑक्साइड + २ लोखंड

एका मोलचं वस्तुमान ग्रॅममध्ये: फेरिक ऑक्साइड १६०, ॲल्युमिनिअम २७, ॲल्युमिनिअम ऑक्साइड १०२, लोखंड ५६ धरू. प्रश्न साधा: ॲल्युमिनिअम हवं तेवढं आहे, तर ८० ग्रॅम फेरिक ऑक्साइडपासून लोखंड किती मिळेल?

त्रैराशिक

१६० ग्रॅमला ११२ ग्रॅम, तर ८० ग्रॅमला किती? ५६. संपलं. वाण्याच्या दुकानातला हिशोब आणि हा हिशोब एकच. तोंडी होतो, कागदसुद्धा लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना ही पद्धत शिकवावी लागत नाही, ती सातवी-आठवीपासून हातात बसलेली असते. माझ्याही हातात हीच होती, आणि बारावी मी याच एका हत्यारावर काढली.

हे हत्यार किती जुनं आहे ते बघा. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत त्रैराशिक आहे. त्यात तीन राशींना नावं आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. आणि मांडायच्या आधीच एक अट घातलेली आहे: प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची हवीत, मधलं फल वेगळ्या जातीचं. म्हणजे वर-खाली काहीही घालून गुणायला सुटायचं नाही, आधी जात बघायची. ही अट पुढे परत लागणार आहे.

त्रैराशिकाचा दोष असा की त्यात मोल दिसतच नाही. १६० आणि ११२ आले कुठून? समीकरणातले पुढचे आकडे वस्तुमानांना गुणून आले. पण पोरगं ते एकदाच करतं आणि मग त्याच्या डोक्यात "१६० ला ११२" एवढंच राहतं. साध्या प्रश्नाला तेवढं पुरतं. आता प्रश्न थोडा वाकडा करा: ८० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि ४०.५ ग्रॅम ॲल्युमिनिअम एकत्र पेटवलं, आधी काय संपेल? त्रैराशिकात वाढलेला मुलगा दोन्ही आकडे बघतो आणि म्हणतो, ॲल्युमिनिअम संपेल, कारण तेच कमी आहे. ८० आणि ४०.५ समोरासमोर दिसल्यावर डोळा तेच सांगतो. खरं तर संपतं फेरिक ऑक्साइड, आणि ॲल्युमिनिअम उरतं. दोन त्रैराशिकं मांडली की तेही कळतं म्हणा. पण कुठली दोन मांडायची हे ठरवण्यातच निम्मी पोरं अडकतात.

वायूंच्या आकारमानाचं गणित त्रैराशिकात छान बसतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फक्त शून्य अंश सेल्सिअसला एक मोल वायूला २२.४ लिटर घ्यायचे की २२.७, हे प्रश्नात दिलेल्या दाबावरून ठरवा. १ ॲटमॉस्फिअर असेल तर २२.४, १ बार असेल तर २२.७. प्रमाण दाबाची व्याख्या १९८२ मध्ये बदलली, आणि तेव्हापासून दोन्ही आकडे पुस्तकापुस्तकांतून हिंडतायत. याचा पद्धतीशी संबंध नाही, पण दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

एककांची साखळी

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ही पहिल्याच प्रकरणात येते, आणि बहुतेक क्लासेस हीच शिकवतात. दिलेल्या आकड्यापासून निघायचं आणि एकापुढे एक अपूर्णांक जोडत जायचं, असे की नको असलेलं एकक वर-खाली कटत जाईल:

८० ग्रॅम × (१ मोल ÷ १६० ग्रॅम) × (२ मोल ÷ १ मोल) × (५६ ग्रॅम ÷ १ मोल) = ५६ ग्रॅम

दिसायला देखणी आहे, यात वाद नाही. एककांची रूपांतरं जिथे जास्त, तिथे हिच्यापुढे बाकीच्या दोन्ही फिक्या पडतात. आमच्या लॅबमधलंच उदाहरण घ्या. बाटलीवर लिहिलेलं असतं: सल्फ्युरिक ॲसिड, ९८ टक्के, घनता १.८४. याची मोलॅरिटी, म्हणजे एका लिटरमधले मोल, किती? एक लिटर म्हणजे १००० मिली, गुणिले १.८४ म्हणजे १८४० ग्रॅम, त्यातले ९८ टक्के, भागिले ९८, उत्तर १८.४. मिली कटले, ग्रॅम कटले, हातात मोल राहिले. हे त्रैराशिकानं करायला गेलात तर तीन ओळी आणि एक डोकेदुखी. टन-किलो-ग्रॅम-मिलिग्रॅमची उलटापालट असेल तेव्हा मीही आजवर साखळीच वापरत आलोय.

मग अडलं कुठे?

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. बाहेर पाऊस, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच ट्यूब चालू. भाचीनं हेच थर्माइटचं गणित सोडवून वही माझ्यापुढे सरकवली. उत्तर होतं १४ ग्रॅम. प्रत्येक एकक लाल पेनानं नीट तिरकी रेघ मारून कापलेलं. ग्रॅमनं ग्रॅम, मोलनं मोल, शेवटी एकटा ग्रॅम शिल्लक. मी डावीकडून उजवीकडे दोनदा वाचलं, गुणाकार-भागाकार तपासले, काही सापडेना. उत्तर चुकलंय हे दिसत होतं, पण साखळी कुठेच तुटलेली नव्हती. तिसऱ्यांदा बोट ठेवत ठेवत गेलो तेव्हा मधला अपूर्णांक दिसला. तिनं २ मोल ÷ १ मोलच्या जागी १ मोल ÷ २ मोल लिहिलं होतं.

"अगं, हे उलटं आहे."

"पण एकक तर कटतंय की! मामा, तूच म्हणाला होतास ना, सगळी एककं कटली म्हणजे गणित बरोबर."

म्हणालो होतो खरा. सगळेच म्हणतात. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ते म्हणणं नेमकं एका जागी खोटं आहे. मोल भागिले मोल सरळ लिहा, उलटं लिहा, कटतंच. ग्रॅमचा अपूर्णांक उलटा लिहिलात तर साखळी बोंब मारते, ग्रॅमचा वर्ग दिसायला लागतो. मोलचा उलटा लिहिलात तर गपगार. बरं, या अख्ख्या साखळीत रसायनशास्त्र आहे कुठे? फक्त त्या मधल्या अपूर्णांकात. बाकीचं सगळं ग्रॅमचं मोल आणि मोलचं ग्रॅम, नुसती रूपांतरं. समीकरण संतुलित करण्याची सगळी मेहनत जिथे कामी यायची, त्याच दारावरचा पहारेकरी झोपलेला.

आणि चुकलेलं उत्तर चुकीचं दिसतही नाही. ८० ग्रॅम ऑक्साइडपासून १४ ग्रॅम लोखंड, पोराला त्यात काय खटकणार? अमोनियाच्या गणितात हेच करून बघा. ६ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे ३ मोल, त्यापासून अमोनिया २ मोल, ३४ ग्रॅम. मधलं उलटं लिहिलं की ४.५ मोल, ७६.५ ग्रॅम. नायट्रोजन भरपूर आहे असं प्रश्नातच म्हटलेलं, त्यामुळे ७६.५ बघून कुणाची भुवईसुद्धा हलत नाही. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकेत तर ७६.५ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला सापडेल.

यावर उपाय आहे, तो सगळ्यांना माहीतही आहे: नुसतं मोल न लिहिता कशाचे मोल ते लिहा. २ मोल लोखंड ÷ १ मोल फेरिक ऑक्साइड. मग उलटं लिहिलं की लोखंडानं ऑक्साइड कटत नाही आणि चूक दिसते. भास्कराचार्यांची जात बघायची अट ती हीच. मोलच्या व्याख्येतही ती आहे. १९७१ मध्ये मोलला एसआय एकक म्हणून घेतलं तेव्हाच त्यात म्हटलं होतं की मोल कशाचे, अणूंचे, रेणूंचे, आयनांचे, ते सांगायलाच हवं. २० मे २०१९ पासून व्याख्या सरळ संख्येवर आली, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, पण संख्या म्हटली की "कशाची" हा प्रश्न उलट आणखीच ठळक होतो. "दोन डझन द्या" एवढंच म्हणून भाजीबाजारात काही मिळत नाही.

तर उपाय आहे. पण सोळा वर्षांच्या पोरांकडून तो करवून घेऊन दाखवा. पहिले दोन दिवस नावं लिहितात. तिसऱ्या दिवशी "लो" आणि "फेऑ" होतं, आठवड्यानंतर तेही जातं. त्यांचाही दोष नाही. साखळीचा सगळा डौल झरझर लिहिण्यात आहे, आणि फळ्यावर शिकवणाराच नावं गाळत असतो.

इथे मला माझी जुनी चूक आठवते, म्हणून साखळीवरचा माझा राग थोडा घरगुती आहे हेही कबूल करतो. बॉयलरच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, बघायला आम्ही सल्फ्युरिक ॲसिडचं एन बाय फिफ्टी द्रावण वापरायचो, म्हणजे ०.०२ नॉर्मल, लिटरला ०.०२ इक्विव्हॅलंट. नवीन होतो तेव्हा एकदा रात्रपाळीत मी ते बनवलं ०.०२ मोलर, म्हणजे लिटरला ०.०२ मोल, आणि बाटलीवर चिठ्ठी लावली नुसती "०.०२". सल्फ्युरिक ॲसिडचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन सोडतो, म्हणून त्याचा एक मोल म्हणजे दोन इक्विव्हॅलंट, तेव्हा माझं द्रावण खरं तर ०.०४ नॉर्मल. सकाळच्या पाळीतल्या मित्रानं बाटली उचलली, ०.०२ नॉर्मल समजून टायट्रेशन केलं, म्हणजे पाण्यात थेंबथेंब ॲसिड सोडून किती लागलं ते मोजलं. अल्कलिनिटी आदल्या दिवसाच्या निम्मी दिसायला लागली आणि मंडळी केमिकलचा डोस वाढवायच्या बेतात आली. वेळेत कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. आमच्या मोठ्या केमिस्टनी मला बोलावून काही न बोलता ती चिठ्ठी माझ्या वहीत चिकटवली. अजून आहे.

लॅबमधल्या त्या नॉर्मॅलिटीबद्दल, म्हणजे एन-वन व्ही-वन बरोबर एन-टू व्ही-टू (एन नॉर्मॅलिटी, व्ही आकारमान) बद्दल, चौथी वाट म्हणून वेगळं लिहायचं ठरवलं होतं, पण थोडक्यात आवरतो. टायट्रेशनला तिच्यासारखं झटपट काही नाही. पण इक्विव्हॅलंट वजन पदार्थावर ठरत नाही, अभिक्रियेवर ठरतं. पोटॅशिअम परमँगनेटचं ते आम्लात ३१.६, उदासीन द्रावणात ५२.७. ज्याचं मोलचं अजून पक्कं नाही त्याला हे दाखवू नये.

तक्ता

आता माझ्याकडची वाट. समीकरणाच्या खाली, प्रत्येक पदार्थाच्या बरोबर खाली, एक-एक खाना. वाकडा प्रश्नच घेऊ, ८० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि ४०.५ ग्रॅम ॲल्युमिनिअम:

| | फेरिक ऑक्साइड | ॲल्युमिनिअम | ॲल्युमिनिअम ऑक्साइड | लोखंड |
|---|---|---|---|---|
| समीकरणातला आकडा | १ | २ | १ | २ |
| आधी (मोल) | ०.५ | १.५ | ० | ० |
| बदल (मोल) | −०.५ | −१.० | +०.५ | +१.० |
| शेवटी (मोल) | ० | ०.५ | ०.५ | १.० |
| शेवटी (ग्रॅम) | ० | १३.५ | ५१ | ५६ |

ग्रॅमचे मोल केले आणि "आधी"च्या ओळीत लिहिले. आधी काय संपेल ते बघायला मोलला वरच्या आकड्यानं भागलं: ०.५ आणि ०.७५. लहान तो संपणार, म्हणजे फेरिक ऑक्साइड. मग बदलाची ओळ वरच्या आकड्यांच्या प्रमाणात भरली आणि बाकी वजाबाकी-बेरीज. लोखंड किती, उरलं काय, उरलं किती, दुसरं उत्पादित किती, सगळी उत्तरं एकाच जागी पडलेली. शेवटी ग्रॅमची बेरीज करून बघायची: आधी ८० आणि ४०.५ मिळून १२०.५, नंतर १३.५, ५१ आणि ५६ मिळून १२०.५. जुळलं.

साखळीनं हेच करायचं तर एक साखळी लोखंडासाठी फेरिक ऑक्साइडपासून, दुसरी लोखंडासाठी ॲल्युमिनिअमपासून, लहान उत्तर खरं माना, मग तिसरी साखळी किती ॲल्युमिनिअम खर्ची पडलं त्यासाठी, आणि शेवटी वजाबाकी. होतं, नाही असं नाही. पण मधले मोल साखळीतून वाहून जातात. पुढच्या उपप्रश्नाला परत पहिल्या पायरीपासून चढा.

मला तक्ता आवडायचं मुख्य कारण मात्र हे सगळं नाही. नाव वर छापल्यासारखं बसलेलं आहे, हे कारण. खान्यात आकडा लिहायचा म्हटलं की तो कुणाच्या तरी नावाखाली लिहावाच लागतो. "कशाचे मोल" हे पोराला आठवणीनं लिहावं लागत नाही, कागदच लिहून घेतो. लोखंडाच्या खाली १ आणि फेरिक ऑक्साइडच्या खाली ०.५, वर २ आणि १. उलटं भरलं की लगेच डोळ्यांना खुपतं, निदान माझ्या आठ पोरांना तरी खुपलं. हे काही मी मोजून-मापून सांगत नाही. पण तक्ता धरल्यापासून १४ ग्रॅमसारखं उत्तर माझ्याकडे क्वचितच आलंय, एवढं म्हणतो.

तक्त्याच्या खोडी आहेत. जागा खातो. पोरं आळसानं ग्रॅमच तक्त्यात भरतात आणि मग ग्रॅमवर १:२ चं प्रमाण लावतात. याला औषध एकच, ओळीच्या सुरुवातीला "मोल" लिहिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. दुसरी खोड अशी की समीकरणातलं प्रमाण फक्त बदलाच्या ओळीला लागू असतं, शेवटच्या ओळीला नाही. शेवटी लोखंड १ आणि ॲल्युमिनिअम ०.५ दिसलं की कुणीतरी म्हणतंच, "सर, हे दोनास दोन हवं होतं ना?" एकदा समजावलं की बसतं. आणि सोप्या एका ओळीच्या प्रश्नाला तक्ता काढणं म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला एसटीचं रिझर्व्हेशन करणं.

सूत्राची गणितं

टक्केवारीवरून सूत्र काढायचं असतं तिथे वाद जवळजवळ संपतोच. त्रैराशिकाला तिथे काम नाही, साखळी प्रत्येक मूलद्रव्याला वेगळी लिहावी लागते, आणि तक्ता तर सगळेच नकळत काढतात. तरी एक जागा सांगून ठेवतो. एका लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये लोखंड ७० टक्के, ऑक्सिजन ३० टक्के. ७० ला ५६ नं भागा, १.२५. ३० ला १६ नं भागा, १.८७५. लहानानं दोन्ही भागा, १ आणि १.५. इथे दर वर्षी निम्मी पोरं दीडचे दोन करतात आणि एका लोखंडाला दोन ऑक्सिजन असलेलं सूत्र लिहून मोकळी होतात. दीड दिसला की दोन्ही बाजू दुप्पट करा, २ आणि ३ मिळतील, आपलं फेरिक ऑक्साइड. मॅग्नेटाइटला, म्हणजे लोहचुंबकाच्या दगडाला, ७२.४ आणि २७.६ टक्के येतात, प्रमाण १ आणि १.३३. तिथे तिप्पट, ३ आणि ४. भागाकाराची वेगळी ओळ आखली आणि पूर्णांक करायची वेगळी ओळ आखली, की ही घाई आपोआप कमी होते. एकाच ओळीत खरडलं की दीडचे दोन झालेच.

आणि सूत्रातून थेट मिळणारं एक उत्तर कुणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. ऑक्साइडात लोखंड ७० टक्के, तर ८० ग्रॅमचं किती? ५६. समीकरणसुद्धा नको. सगळं लोखंड आलं ते ऑक्साइडातूनच, दुसरीकडून येणार कुठून? जेईईच्या क्लासमध्ये यालाच पीओएसी म्हणतात, अणू जितके गेले तितके बाहेर आले, एवढाच त्याचा अर्थ. भाचीचं १४ ग्रॅम चुकलंय हे मला त्या संध्याकाळी यामुळेच दिसलं होतं. ही पद्धत म्हणून नको, पडताळा म्हणून जवळ ठेवा.

कंसाचं मात्र आधी पक्कं करा, नाहीतर तिन्ही पद्धती फुकट. ॲल्युमिनिअम सल्फेट, पोरांच्या भाषेत ए-एल-टू एस-ओ-फोर होल थ्राइस. तीन सल्फेट म्हणजे गंधकही तीन आणि ऑक्सिजन बारा, वस्तुमान ३४२. बाहेरचा तीन फक्त ऑक्सिजनला लावला की २७८ येतं आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. संयुजांची अदलाबदल करून सूत्र लिहिताना मॅग्नेशिअम ऑक्साइडचं दोनास दोन कापून एकास एक करायचं हे पोरं शिकतात, आणि मग त्याच उत्साहात सोडिअम पेरॉक्साइडचंही कापतात. ते कापायचं नसतं, कारण तिथे ऑक्सिजनची जोडीच एक आयन आहे.

मग धरायचं काय

बोर्डाच्या परीक्षेला पायऱ्यांचे गुण असतात, तिथे तक्ता निर्धास्त काढावा. सीईटीत भौतिक आणि रसायनाचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे प्रत्येकाला चौकोन आखत बसायला वेळ नाही हे खरं. एकच पदार्थ दिलेला असेल तर साखळी किंवा सरळ त्रैराशिक, दोन पदार्थ दिलेले असतील तर कच्च्या कागदावर तीन ओळींचा तक्ता, असं मी माझ्या पोरांना सांगतो. साखळीत आधीच हात बसलेला असेल आणि मोलपुढे नाव लिहायची सवय खरोखर टिकलेली असेल, तर कृपा करून माझं ऐकून ती बदलू नका. तशी पोरं असतात, माझ्याकडेही एक आहे. आणि वडिलांचं त्रैराशिक मोडीत काढायची गरज नाही, उत्तर डोक्यात ताडून बघायला ते उत्तम. फक्त नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्या महिन्यात दुसरं काही दाखवत नाही. वही आडवी धरायची, वर समीकरण लिहायचं आणि खाली खाने पाडायचे. क्लासमध्ये साखळी शिकवत असतील तर ती नंतर येतेच.

भाची माझी असली तरी ऐकणाऱ्यातली नाही. तक्ता तिनं दोन महिने काढला आणि क्लासच्या परीक्षा सुरू झाल्यावर परत साखळीवर गेली. मी काही बोललो नाही. एवढं पाहिलं की प्रत्येक मोलच्या खाली आता बारीक अक्षरांत नाव असतं. मग हिवाळ्यात कधीतरी केमिकल इक्विलिब्रिअमचं प्रकरण लागलं. रात्री पाणी प्यायला उठलो तर ही टेबलावर वही आडवी करून बसलेली, समीकरणाखाली खाने, पहिली ओळ "आधी", दुसरी ओळ "बदल". बदलाच्या ओळीत आकड्यांऐवजी एक्स होता.

"सरांनी आज नवीन पद्धत शिकवली," म्हणाली.